मापाचा ब्लाउज

पनवेलच्या बाजारातलं ते ब्लाउज शिवण्याचं दुकान गेल्या वर्षी मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी बंद झालं. दुकानाला पाटी नव्हती, त्यामुळे उतरवायला काही नव्हतं. शिलाई मशीन टेम्पोतून रोडपालीला गेलं. संध्याकाळी साडेपाचला दाराला कुलूप लागलं. मी तिथे होते.

दुकान चालवणाऱ्या बाईंना सगळे काकी म्हणत. नक्की वय त्यांनाही माहीत नव्हतं. "पासष्टच्या फुडं" एवढंच सांगत. मूळ गाव शिरढोणच्या बाजूला. सासरची शेती गेली, तिथे इमारती आल्या आणि मुलाने रोडपालीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. आईला काम करायची गरज नाही, असं मुलगा येईल त्याला सांगे. काकी रोज सकाळी शेअर रिक्षाने पनवेलला येत आणि दहा वाजता दुकान उघडत. "घरात बसून काय करू? लिफ्ट वर-खाली होते ती बघू?" असं त्यांनी एकदा त्याला माझ्यासमोर विचारलं होतं.

दुकान एका भांडीवाल्याच्या डोक्यावर होतं. बाजूने सात लोखंडी पायऱ्या, वर एक दार, आत दहा बाय आठची खोली. मशीन दाराकडे तोंड करून. आरसा नव्हता. नव्या गिऱ्हाइकांना ते पटत नसे. ब्लाउज शिवणाऱ्या बाईच्या दुकानात आरसा नाही म्हणजे काय, असं एकीने विचारलं तेव्हा काकी म्हणाल्या, "आरशात तू तोंड बघशील. मी तोंड शिवत नाय."

आरशाऐवजी डबा होता. काकींची नणंद समुद्रकाठच्या करंजा गावची. ती दर दोन-तीन महिन्यांनी सुके सोडे, म्हणजे सोलून वाळवलेली कोलंबी, आणून देई. ते पत्र्याच्या डब्यात घालून काकी वरच्या फळीवर ठेवत. नवा ब्लाउज घातला की गिऱ्हाइकाने हात वर करून तो डबा खाली काढायचा आणि परत जागेवर ठेवायचा. ब्लाउज पाठीवरून वर सरकला किंवा काखेत ओढला, की काकी तिथल्या तिथे शिवण उसवत. शाकाहारी बायकांसाठी शेजारी बटणांचा डबा ठेवलेला होता. दुकानाला खळीचा आणि सोड्यांचा मिळून एक वास होता. ब्लाउजलाही लागतो, अशी तक्रार होती. "मंग धू," हे त्यावरचं उत्तर.

त्यांचा सगळ्यात पक्का नियम मापाच्या ब्लाउजचा होता. ब्लाउज शिवायला टाकताना बायका कापडाबरोबर आपला एक जुना, अंगाला नीट बसणारा ब्लाउज देतात. शिंपी तो टेबलावर पसरतो, त्यावरून खडूने आखतो आणि कापड कापतो. गिऱ्हाइकाला टेप लावावा लागत नाही. दोघांचाही वेळ वाचतो. ही सोय गावोगाव आहे. काकींकडे ती नव्हती. कोणी पिशवीतून मापाचा ब्लाउज काढलाच, तर त्या तो दोन बोटांत धरून परत पिशवीत टाकत.

"ह्याला घाम येत नाय. तुला येतो. माप तुझं घेईन."

एका बाईंच्या मुलीने दुबईहून कुरिअरने मापाचा ब्लाउज पाठवला होता. साडी पनवेलात, मुलगी तिकडे. काकींनी विचारलं, "पोरगी कवा येनार?"

"डिसेंबरात."

"मंग डिसेंबरात शिवू."

त्या बाई पायऱ्या उतरताना काय म्हणाल्या ते मी ऐकलं. लिहिण्यासारखं नाही. डिसेंबरात मुलीला घेऊन त्या परत आल्या, हेही मी पाहिलं.

माप लिहून ठेवायला शाळेतली दोनशेपानी वही होती. तिच्यात गिऱ्हाइकांची नावं नव्हती. नावं दोन-दोन, तीन-तीन सारखी असतात, असं काकींचं म्हणणं. प्रत्येक पानावर वर एक ओळ असे: "डावा खांदा खाली", "बोलताना कंबरेवर हात ठेवते", "हुक पुढे पाहिजे म्हणून भांडली". त्याखाली आकडे. आकडे त्या कधीही मोठ्याने वाचत नसत. टेप लावायचा, बघायचं, लिहायचं. एवढं माझ्या कामाला आलं, कारण त्याआधीचे सगळे शिंपी आकडा मोठ्याने सांगणारे होते. एकाने सांगितला आणि वर विचारलं, "ताई, मीटरभर कापड आणलंत, पुरेल का?" दुकानात चार जणी होत्या.

काकींकडे मी पहिल्यांदा गेले त्याला आता नऊ वर्षं होतील. तेव्हा माझं वजन शंभराच्या पुढे होतं. त्यांनी मला पायऱ्या चढताना पाहिलं, टेप लावला, लिहिलं. आठ दिवसांनी डबा काढायला सांगितला. ब्लाउज वर सरकला. त्यांनी काखेत कापडाचा एक चौकोन जोडला आणि पुन्हा डबा काढायला लावला. या वेळी सरकला नाही.

"बाय, हात वर जायाला पायजे," त्या म्हणाल्या. "बाकी काय ते बघनारे बघतील."

माझे ब्लाउज त्याआधी हात खाली असताना बसायचे. हात वर करायची वेळ आली की मी दुसऱ्याला सांगायचे. हे माझ्या लक्षात आलेलं नव्हतं. त्या दिवशी आलं.

चार वर्षांपूर्वी माझं ऑपरेशन झालं. जठर लहान करतात ते. ऑपरेशनच्या सकाळी वजन एकशे नऊ किलो होतं, चौदा महिन्यांनी अडुसष्ट. दोन्ही आकडे एकाच काट्यावरचे आहेत. दवाखान्यात शेवटच्या भेटीत सांगितलं की वजन परत वाढू शकतं, काहींचं वाढतं, सावध राहा. मी सावध राहिले. जुने कपडे दोन ट्रंकांमध्ये घड्या घालून ठेवले. नवीन शिवले नाहीत. जुन्यातलेच सैल कुर्ते घालत होते.

या काळातल्या तीन गोष्टी खात्रीने सांगता येतात. मी शेअर रिक्षात मागच्या सीटच्या कडेला अर्धी बसत होते आणि शेजारचे "ताई, सरका ना आत, जागा आहे," म्हणत होते. हाताच्या खुर्चीत बसण्याआधी मी तिचे दोन्ही हात दाबून पाहत होते. तिसरी गोष्ट कामावरची. मी एका दैनिकात डेस्कवर आहे. कार्यालयातल्या कार्यक्रमाचा एक फोटो पानावर जायचा होता आणि त्याखाली नावं लिहायचं काम माझं होतं. डावीकडून चौथी बाई ओळखू येईना. फोटो काढणाऱ्या सहकाऱ्याला फोन लावला.

"डावीकडून चौथ्या कोण?"

"पोपटी कुर्त्यातल्या?"

"हो."

त्याने फोटो उघडून पाहिला. मग म्हणाला, "मॅडम, मजा करताय का? तुम्हीच की."

पान जायला वीस मिनिटं होती. मी नाव टाकलं. नाव बरोबर छापून आलं.

त्यानंतर महिन्याभराने भावाच्या मुलीचं लग्न ठरलं. तिला बहीण नाही. मंगलाष्टकांच्या वेळी नवरीमागे करवली म्हणून करा आणि दिवा घेऊन कोणी उभं राहायचं, असा प्रश्न आला. तिने फोनवर मला सांगितलं, "आत्या, तू."

घरातल्या लग्नांत मी जेवणाच्या हॉलमध्ये असायचे. पंगत बघायचे, आचाऱ्याशी बोलायचे. मला तिथे कोणी बसवलं नव्हतं. फोटोग्राफर तिथे उशिरा येतो आणि जेवणारे बघून निघून जातो. अकरा वर्षांच्या अल्बमांत माझा एक कोपर आहे, वरणाच्या बादलीशेजारी. मी भाचीला म्हटलं, दुसरं कोणी बघ. ती म्हणाली, "आत्या, जेवणाच्या हॉलमध्ये दिसलीस ना, तर मी मुंडावळ्यांसकट तिथे येईन. मग बसा सगळे मुहूर्त शोधत."

तिने बाटली-हिरवी रेशमी साडी घेऊन दिली. ब्लाउजचं कापड वेगळं होतं, सव्वा मीटर. ते घेऊन मी काकींकडे गेले. दोन वर्षांनी जात होते. पिशवीत एक जुना ब्लाउजही टाकला. त्यांचा नियम मला माहीत होता. तरी टाकला. त्यावरून थोडा कमी करा, असं सांगायचं मी ठरवलं होतं.

दुकानात दोघी बसलेल्या होत्या: एक शाळेतल्या बाई आणि दुसऱ्याच एका नवरीची आई. मी पायऱ्या चढून दारात आले, खांदा वळवला आणि आत शिरले. काकींनी चष्म्यावरून पाहिलं.

"कोन गो तू?"

मी नाव सांगितलं.

"आवाज तोच हाय. चाल पन तीच. मदलं कुटं गेलं?"

"ऑपरेशन झालं, काकी."

"बरी हायस ना?"

"बरी आहे."

"मंग वाकडी का आलीस?"

मला कळलं नाही.

"दारातनं वाकडी का आलीस? दार कुनी लहान केला काय?"

"सवय आहे."

"खाली जा. परत ये."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. मी सात पायऱ्या उतरले, सात चढले आणि दारात आले. खांदा आपोआप वळला.

"परत."

शाळेतल्या बाई म्हणाल्या, "अहो काकी, राहू दे ना. दमतील त्या."

"दमू दे. पोट कापून घेतलं तवा दमली नाय, सात पायऱ्यांनी दमते?"

मी पुन्हा खाली गेले. भांडीवाल्याने विचारलं, "ताई, काही विसरलात का?" मी नाही म्हटलं आणि वर आले. या वेळी दारात थांबले. चौकटीच्या दोन्ही बाजू पाहिल्या. डावीकडे वीतभर जागा होती, उजवीकडेही. हात अंगालगत ठेवून मी सरळ आत गेले. कुठेही काही लागलं नाही.

नवरीच्या आईने टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या कसल्या वाजवतेस?" काकी तिला म्हणाल्या. "दारातनं आली ती, विमानातनं नाय."

मग त्यांनी माझी पिशवी घेतली, जुना ब्लाउज काढला, एकदा उघडून पाहिला आणि परत आत टाकला. "हिचं माप मना पाठ हाय. तुझं नाय. हात वर कर."

टेप माझ्याभोवती फिरला आणि त्याचा वेढा लवकर पूर्ण झाला. काकींनी आकडा लिहिला. वाचून दाखवला नाही, मी विचारलाही नाही. मला दुसरं सांगायचं होतं.

"काकी, आत तीन इंच मार्जिन ठेवा."

"कशाला?"

"परत वाढलं तर उसवता येईल."

"रेशमी कापड हाय. तीन इंच आत कोंबलं तर काखेत बोचंल. हात वर जानार नाय."

"चालेल. पण ठेवा."

त्या खडू शोधत होत्या. शाळेतल्या बाईंनी वातावरण सैल करायला विचारलं, "काकी, सगळे मापाचा ब्लाउज घेतात. तुम्ही का नाही घेत?"

काकींनी सांगितलं ते असं. त्या शिवायला लागल्या तेव्हाचं पहिलंच वर्ष. गावातल्या एका मुलीचं लग्न. तिच्या आईने साडी आणि मापाचा ब्लाउज आणून दिला. काकींनी त्याबरहुकूम ब्लाउज शिवला. मधल्या काळात मुलीला कावीळ झाली होती आणि ती अर्धी उरली होती. लग्नाच्या सकाळी ब्लाउज अंगात घातला तर गोणीसारखा. आठ पिना लावल्या.

"लग्नभर पदर धरून बसली. जेवली पन नाय. सगल्या फोटोत बघा, हात पदरावर हाय. आनि ती राहत होती बाजूच्या आळीत. चार पावलं जाऊन बघितलं असतं तर? गेली नाय मी. ब्लाउज बघितला, पोरगी बघितली नाय."

ही हकीकत मी दुसऱ्या कोणाकडून तपासलेली नाही. त्या पुन्हा कधी ती सांगताना मी ऐकलं नाही.

त्यांनी माझं कापड टेबलावर पसरलं. मी म्हटलं, "काकी, तीन इंच."

"ठेवते गो बाय. जेवढं लागतं तेवढं ठेवते."

मी ते होकार म्हणून घेतलं.

आठ दिवसांनी ब्लाउज घातला. डबा खाली काढला, वर ठेवला. पाठ सरकली नाही, काखेत काही बोचलं नाही. मी विचारलं, "कसा दिसतोय?"

"मना काय विचारतेस? डबा खाली आला का?"

"आला."

"मंग झालं."

लग्न दुपारी बारा चाळीसला लागलं. मी भाचीच्या मागे करा आणि दिवा घेऊन उभी होते. मंगलाष्टकं अकरा मिनिटं चालली, कारण मुलाच्या मामांनी स्वतः रचलेली दोन जादा म्हटली. नंतर अक्षता टाकायला करा आणि दिवा खाली ठेवून हात वर केला. त्या क्षणाचा फोटो अल्बममध्ये आहे. डावीकडून तिसरी मी. या वेळी कोणाला फोन करावा लागला नाही.

रुखवतातले दोन लाडू घेऊन मी काकींकडे गेले. काय बोलायचं ते रिक्षात ठरवलं होतं. दारातून सरळ आत गेले आणि सुरुवात केली. त्यांनी मध्येच थांबवलं.

"आभार मानायला ही सभा हाय काय? लाडू इकडं आन."

लाडू खाताना त्यांनी तूप कमी आहे असं सांगितलं. माझं ठरवलेलं बोलणं त्यामुळे राहिलं. नंतरही कधी झालं नाही, म्हणून त्यातलं मुख्य इथे लिहिते. मी एकशे नऊ किलोची होते तेव्हा त्यांनी मला कमी खा म्हटलं नाही, आणि अडुसष्टची झाले तेव्हा छान झालीस म्हटलं नाही. दोन्ही वेळा माझं माप घेतलं.

लग्नाच्या पुढच्या महिन्यात मी दोन्ही ट्रंका उघडल्या. तो ब्लाउज होता, त्यात तीन इंच होते. वजन वाढलंच तर निदान एक वस्तू मला होणार होती. तेवढ्या भरवशावर बाकीचं देता आलं. बोहारीण आली, तिने दीड तास घासाघीस केली आणि सगळ्या कपड्यांवर एक मोठी कढई दिली. मापाचा जुना ब्लाउजही त्यात गेला. कपडे उचलताना ती म्हणाली, "घरात कोन जाड होतं वाटतं?" मी म्हटलं, "हो, मी." तिने माझ्याकडे पाहिलं आणि कढई परत मागेन की काय अशा घाईने गाठोडं बांधलं.

त्यानंतर काकींनी माझे आणखी पाच ब्लाउज शिवले. ते सुती होते. त्यांच्यात मार्जिन ठेवा असं मी सांगितलं नाही. रेशमी होताच.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर काकींना लांबचं स्वच्छ दिसायला लागलं, पण सुईत दोरा जाईना. हातही कापत होता. त्यांनी दोन महिने ओढले आणि मग नेहमीच्या गिऱ्हाइकांना निरोप पाठवला की शेवटच्या शनिवारी येऊन जा. आम्ही गेलो. त्या वहीतलं एकेकीचं पान फाडून तिच्या हातात देत होत्या. पायऱ्यांवर बायका उभ्या राहून आपापल्या पानावरची ओळ वाचत होत्या. एक म्हणाली, "मी काय इतकी भांडते?" तिच्या मागची म्हणाली, "अगं, सरक तरी पुढे, भांडत बसलीस."

माझ्या पानावर वर लिहिलं होतं: "दारातन वाकडी येते ती." त्यावर एक रेघ मारलेली. खाली निळ्या पेनाने: "सरळ येते. दोनदा परत पाठवली." आकड्यांच्या दोन रांगा होत्या. पहिली खोडलेली.

मी विचारलं, "आता कुठे शिवायचं, काकी?"

"कुनाकडं पन शिव. मापाचा ब्लाउज नेऊ नको."

सोड्यांचा डबा त्यांनी स्वतः मांडीवर घेतला आणि टेम्पोत पुढे बसल्या.

यंदा दिवाळीनंतर माझं वजन एकाहत्तर भरलं. तीन किलो जास्त. दुसऱ्या दिवशी मी तो रेशमी ब्लाउज घेऊन नवीन पनवेलमधल्या एका शिंप्याकडे गेले आणि दोन्ही बाजूंनी इंचभर उसवून मोठा करा म्हणून सांगितलं.

"घट्ट होतोय का, ताई?"

"नाही. होईल."

त्याने अस्तर उसवलं, बाजूची शिवण बोटांनी उघडली, मग दुसरी बाजू उघडली. ब्लाउज माझ्याकडे वळवून दाखवला.

"ह्यात काही नाही. अर्धा इंच आहे. शिवणीला लागतो तेवढाच ठेवलाय."

मी वाकून पाहिलं. दोन्ही बाजूंना अर्धा इंच होता. कापलेली कड सरळ होती आणि तिच्यावर बारीक हातशिलाई होती.

"मग काय करू?" त्याने विचारलं.

"होता तसा शिवा."

त्याने टीप मारली. दहा मिनिटं लागली.

गेल्या रविवारी एका बारशाला जाण्याआधी मी तो ब्लाउज घातला आणि स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरचा रव्याचा डबा खाली काढला. पाठ सरकली नाही. डबा परत जागेवर ठेवला.